अंगभूत ग्राफिक्स: काही गैरसमजांचा खुलासा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून संगणक करून घेणाऱ्या ग्राहकापुढे आज एक विवंचना हमखास उभी राहते: एकाच नावाचे, एकाच पिढीचे दोन प्रोसेसर दुकानदार त्याच्यासमोर ठेवतो, एकाच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर असते, दुसऱ्याच्या पुढे नसते, आणि किमतीतील फरक पाहून ‘कार्ड घेणारच आहात, मग आतल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला?’ असा सल्लाही तत्काळ मिळतो. हा युक्तिवाद वरवर बिनतोड भासतो. तथापि तो ज्या समजुतींवर उभा आहे त्यांतील काही सर्वस्वी चुकीच्या आहेत, काही अर्धसत्य आहेत, आणि अर्धसत्याची छाननी केल्यावाचून कोणीही आपल्या कष्टाच्या पैशाचा विनियोग करू नये असे माझे आग्रहाचे मत आहे.

पहिली समजूत अशी की, ग्राफिक्स काढून टाकलेला प्रोसेसर अधिक वेगवान असतो. इंटेलने २०१९ च्या जानेवारीत नवव्या पिढीत एफ अक्षराचे प्रोसेसर प्रथम बाजारात आणले, आणि त्यांतील सिलिकॉन इतर प्रोसेसरांचेच होते. केवळ त्यातील ग्राफिक्सचा विभाग कायमचा बंद केलेला होता. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ हे दोघे शेजारी ठेवून पाहावेत: सहा कोअर दोहोंत, ४.४ गिगाहर्ट्झची कमाल गती दोहोंत, १८ मेगाबाइट कॅश दोहोंत. इंटेलच्या दरपत्रकात या दोहोंत अंतर होते ते २५ डॉलरचे, आणि त्या २५ डॉलरच्या मोबदल्यात ग्राहकाला वेगाचा लवलेशही अधिक मिळत नव्हता.

या समजुतीचे मूळ मात्र निराधार नाही. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा ग्राफिक्ससह येणारा प्रोसेसर त्याच पिढीतील ५६००एक्सच्या तुलनेत खरोखरच मागे पडतो. पण त्याचा दोष ग्राफिक्सच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण ५६००जी हा मुळात लॅपटॉपसाठी घडविलेल्या अखंड चिपवर बेतलेला असून त्यात कॅश ३२ ऐवजी १६ मेगाबाइटच आहे आणि पीसीआय एक्सप्रेसही चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीचे आहे.

याच एएमडीचे पुढील वर्तन या संदर्भात फार बोलके आहे. २०१७ साली रायझनची मालिका सुरू झाली तेव्हा तिच्या प्रमुख प्रोसेसरांत ग्राफिक्स नव्हतेच, आणि पुढे पाच वर्षे हाच शिरस्ता चालू राहिला. परंतु २०२२ च्या सप्टेंबरात रायझन ७००० आले तेव्हा सोळा कोअरच्या ७९५०एक्ससारख्या, ज्याच्या शेजारी महागडे कार्ड बसणार हे जवळजवळ निश्चित अशा प्रोसेसरातही, कंपनीने दोन गणन-एककांचे लहानसे ग्राफिक्स घालून दिले. त्यावर आधुनिक खेळ खेळण्याची अपेक्षा कोणी करू नये; पडद्यावर चित्र उमटावे, बिघाड शोधता यावा, कचेरीचे कामकाज अडू नये, एवढ्याच बेताने ती तजवीज केलेली आहे.

दुसरी तक्रार अशी ऐकू येते की, स्वतंत्र कार्ड लावले तरी अंगभूत ग्राफिक्स रॅम आणि वीज खातच राहते. वस्तुस्थिती अशी आहे की, कार्ड लावल्याची खूण पटताच पुष्कळ मदरबोर्डांची स्वयंचलित मांडणी अंगभूत विभाग बंद ठेवते, आणि तो वापरायचा असल्यास बायोसमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावा लागतो. कार्ड नसेल तेव्हा मात्र रॅमचा काही हिस्सा, पुष्कळदा ५१२ मेगाबाइट, त्याच्या नावे राखून ठेवला जातो व गरजेनुसार आणखीही घेतला जातो. सोळा गिगाबाइटच्या यंत्रात हे जाणवत नाही, आठच्या यंत्रात जाणवते. विजेच्या हिशेबात तर पारडे उलट बाजूस झुकते, कारण ज्याला केवळ लेखन, हिशेब आणि चित्रफिती पाहणे एवढेच करावयाचे आहे त्याच्या यंत्रातील स्वतंत्र कार्ड काहीही न करता बसले असतानाही काही वॅट वीज घेत राहते.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हा की, ‘अंगभूत’ म्हणजे स्वभावतःच दुर्बळ. याची कारणे इतिहासात आहेत. १९९९ मधील इंटेलच्या ८१० चिपसेटपासून पुढे सुमारे दशकभर ही सोय मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये असे आणि तिची ताकद खरोखरच बेताची होती. २०१० च्या आरंभी ग्राफिक्स प्रोसेसरच्या वेष्टनात आले, पण वेगळ्या तुकड्यावर. आणि २०११ च्या जानेवारीत इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरांच्या रूपाने ते कोअरांच्या शेजारी एकाच सिलिकॉनवर नांदू लागले. २००६ साली एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी विकत घेणाऱ्या एएमडीनेही २०११ मध्येच लानो नावाने तोच मार्ग धरला. परंतु प्रोसेसर आणि ग्राफिक्स एका चिपवर असणे हीच जर दुर्बळता, तर २०१३ साली आलेले प्लेस्टेशन ४ हे यंत्र दुर्बळ ठरावे, कारण त्यातही हे दोन्ही एकाच चिपवर होते! त्या यंत्राचे सामर्थ्य कशात होते हे पाहिले म्हणजे खरे कारण हाती लागते. त्यातील आठ गिगाबाइट जीडीडीआर५ स्मृती सेकंदाला १७६ गिगाबाइट माहितीची ने-आण करीत असे. आपल्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन स्टिक लावल्या तर ही ने-आण ५१.२ गिगाबाइट होते, आणि ती प्रोसेसर व ग्राफिक्स यांना वाटून घ्यावी लागते. उलट आरटीएक्स ४०६० सारख्या मध्यम कार्डाला स्वतःची, २७२ गिगाबाइटची वाट असते. अंगभूत ग्राफिक्स उपाशी राहते ते माहितीच्या पुरवठ्याअभावी. २०२५ मध्ये एएमडीने रायझन एआय मॅक्स या प्रोसेसरला २५६ गिगाबाइटचा पुरवठा देऊन चाळीस गणन-एकके एकत्र नांदवून दाखविली तेव्हा ही गोष्ट पुरेशी सिद्ध झाली. सामान्य ग्राहकाने यातून घेण्याजोगी बाब एवढीच की, कार्ड न घेता अंगभूत ग्राफिक्सवर काम भागवायचे असेल तर सोळा गिगाबाइटची एकच स्टिक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. एकाच स्टिकने हा पुरवठा निम्म्यावर येतो, आणि दुकानात ही चूक सर्रास होते.

आता मूळ युक्तिवादाकडे वळू: शक्तिशाली कार्ड आहे, मग आतले ग्राफिक्स निरुपयोगीच नव्हे काय? येथे लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणाऱ्या व्यावसायिकाचे उदाहरण घेणे योग्य होईल. सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६ यांसारख्या कॅमेऱ्यांत एचईव्हीसी पद्धतीने, दहा बिट आणि ४:२:२ रंगमानाने चित्रीकरण करता येते. शालूचा गर्भरेशमी लाल आणि हळदीचा पिवळा नंतर हवा तसा सावरता यावा म्हणून पुष्कळजण हीच पद्धत पत्करतात. ही चित्रफीत संपादनासाठी प्रीमियर प्रोमध्ये घेतली की ती उलगडण्याचे ओझे कोणी वाहावे हा प्रश्न येतो. आरटीएक्स ५० मालिका २०२५ मध्ये येईपर्यंत एनव्हिडियाच्या कोणत्याही कार्डाला हे विशिष्ट रूप उलगडता येत नव्हते, आणि परिणामी लाखभर रुपयांचे कार्ड स्वस्थ बसून राही, प्रोसेसरचे कोअर धापा टाकीत आणि पडद्यावरची वरात अडखळत चाले. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये मात्र क्विक सिंक या विभागाला हे काम येते. बायोसमध्ये तो चालू केला की तीच फीत सुरळीत धावते. ज्याचे कार्ड त्या मालिकेआधीचे आहे अशा माणसाने दोन-तीन हजार वाचविण्यासाठी एफ अक्षराचा प्रोसेसर घेणे हे सरळसरळ नुकसान होय. रायझनमधील छोट्या ग्राफिक्सला मात्र हे ४:२:२ साधत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

काही घोटाळे मात्र निव्वळ संगणकाच्या पाठीमागे होतात. तेथे वरच्या बाजूस यूएसबीच्या ओळीलगत एक एचडीएमआयची जागा असते, ती मदरबोर्डची. खाली आडव्या पट्टीत मॉनिटर जोडण्याच्या आणखी तीन-चार जागा असतात, त्या कार्डाच्या. वरची जागा दिसते म्हणजे चित्र येणारच, असे मानून रायझन ५ ५६००, ज्यात ग्राफिक्स नाहीच, बी४५० मदरबोर्डवर बसवून मॉनिटर जोडणारे आणि काळ्या पडद्याकडे पाहत मदरबोर्ड सदोष असल्याची तक्रार करणारे ग्राहक कमी नाहीत. त्याउलट कार्ड विकत घेऊनही केबल वरच्याच जागेत खोचून महिनोन्‌महिने अंगभूत ग्राफिक्सवर खेळत राहणारेही आढळतात.

आणि कार्ड बिघडले तर? वॉरंटीत ते दुरुस्तीस गेले की परत येईपर्यंत काही आठवड्यांची मुदत सहज जाते, आणि तेवढा काळ एफ अक्षराचे यंत्र पूर्णपणे मुके होते. बिघाड कार्डाचा आहे की मदरबोर्डचा, याचा निवाडाही घरबसल्या करता येत नाही. ‘एखादे जुने कार्ड कपाटात ठेवू’ हा उपाय सुचविला जातो, पण त्याही बाबतीत सावधगिरी हवी: जीटी ७१० सारख्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर काढणे एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबविले आहे, आणि जीटी १०३० मध्ये चित्रफीत सांकेतिक रूपात बांधणारा विभागच नाही. आणीबाणीला ती चालतील. त्यांच्यावर कामकाज सोपवू नये.

यास्तव ज्या घरात एकच संगणक आहे, आणि त्यावर मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार व कोणाचा तरी चरितार्थ अवलंबून आहे, त्या घराने एफ अक्षराच्या वाटेस जाऊ नये. ज्याच्याजवळ दुसरे यंत्र आहे, ज्याचा सारा डोळा खेळांवर आहे आणि ज्याचे अंदाजपत्रक इतके ओढगस्तीचे आहे की वाचलेल्या रकमेतून कार्ड एका पायरीने वरचे येते, त्याने एफ निःशंकपणे घ्यावा. तो हिशेब चोख आहे. निवड कोणतीही असो, बिलावर प्रोसेसरचा क्रमांक शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्यावा आणि पेटीवरील मजकुराशी तो दुकानातच ताडून पाहावा, कारण एएमडीच्या बाबतीत ७५००एफमध्ये ग्राफिक्स नसते आणि ७६०० मध्ये असते, तर त्याआधीच्या पिढीत ५६०० ला ते नसून ५६००जीला असते.