कल्याण ते नाणेघाट : एका दिवसाची डोळस सहल

सहल म्हटली की आपल्या घरांत दोनच बेत होतात. एक तर दीक्षाभूमी, अजिंठा-वेरूळ असा लांबचा प्रवास, नाहीतर पावसाळ्यात धबधब्याखाली भिजून परत येणे. पहिल्याला रजा आणि पैसा दोन्ही लागतात, दुसऱ्यातून ओल्या कपड्यांखेरीज हाती काही लागत नाही. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, जुन्नर आणि नाणेघाट असा तो एका दिवसाचा रस्ता. पावसाळा सरल्यावर आम्ही चार कुटुंबांनी मिळून एक जीप ठरवली, भाकरी, ठेचा आणि पिठले बांधून घेतले आणि पहाटेच निघालो.

मुरबाड, टोकावडे मागे पडले की समोर सह्याद्रीची काळी भिंत उभी राहते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातला लाव्हा थरावर थर साचून हा कातळ तयार झाला. कड्यावरच्या आडव्या रेघा म्हणजे तेच थर. मुलांना हे चालत्या गाडीतूनच दाखवता येते. पुस्तकातला भूगोल असा डोळ्यांसमोर आला की पाठ करावा लागत नाही.

कल्याणपासून सुमारे ८५ किलोमीटरवर माळशेज घाट लागतो. भर पावसात येथे दरडी कोसळतात, म्हणून लहान मुले बरोबर असतील तर भाद्रपद-आश्विनातच यावे. तेव्हा उतारावर सोनकीची पिवळी फुले पसरलेली असतात. घाट चढून वर आले की हरिश्चंद्रगडाची रांग आणि पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी दिसते. आम्ही येथे चहापुरतेच थांबलो, कारण खरा ठेवा पुढे होता.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री ही त्यांची मुख्य ठिकाणे. एका दिवसात सगळी होत नाहीत, म्हणून आम्ही लेण्याद्री निवडली. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. ही लेणी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातील बौद्ध लेणी. आज सातव्या क्रमांकाच्या विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान असल्याने बहुतेक गर्दी तेथूनच खाली उतरते. शेजारच्या सहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात फारसे कोणी डोकावत नाही. आम्ही तेथे स्तूपासमोर शांत बसलो आणि त्रिशरण-पंचशील घेतले.

या चैत्यगृहातील ब्राह्मी लेख आम्हा कल्याणकरांना विशेष जवळचा आहे. हे चैत्यगृह म्हणजे कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान, असे तो सांगतो. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. ज्या गावाहून आम्ही सकाळी गाडीत बसून आलो, त्याच गावचा माणूस अठराशे वर्षांहून आधी हाच सह्याद्री ओलांडून येथे दान देऊन गेला! आमच्यातल्या शाळकरी मुलांना हे सांगितले तेव्हा इतका वेळ चाललेला दंगा आपोआप थांबला.

जुन्नरचे इतर लेखही असेच बोलके आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी पैसे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. आजच्या भाषेत मुदत ठेवच म्हणा ना. यवन, म्हणजे परदेशातून आलेल्या लोकांनीही येथे दाने दिली. कष्टकऱ्यांची नावे आणि धंदे दगडावर कोरले गेले, ते जन्माची जात पाहून नव्हे, तर त्यांच्या दानामुळे.

दुपारी आपटाळे, चावंड, घाटघर या वाटेने तीसेक किलोमीटरवरचा नाणेघाट गाठला. कोकणातल्या बंदरांतून येणारा माल याच खिंडीतून जुन्नरकडे जाई. येथे मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, अशी समजूत आहे. खिंडीतल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांत त्यांची गणना होते. आम्ही कारकून माणसे, दिवसभर आकडेच लिहितो. इतका जुना हिशेब पाहून आमचे हात आपोआप जोडले गेले.

पण दोन्ही लेख एकाच दिवशी पाहिले की एक फरक ध्यानात येतो. राणीचा हिशेब यज्ञाच्या दक्षिणेचा आहे, तर जुन्नरच्या सामान्य माणसांचा हिशेब पाण्याच्या टाक्याचा आणि निवाऱ्याचा. समाजाला कोणते दान उपयोगी पडले, हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.

मनाला लागले ते एवढेच, की दोन्ही ठिकाणी भिंतींवर खडूने आणि खिळ्याने नावे लिहिलेली होती. कोणाची प्रेमाची, कोणाची मंडळाची, आणि त्यांत आपल्याही काही तरुणांची. दान देणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले, ते त्याने काही दिले म्हणून. आपण काहीच न देता नाव कोरले तर पूर्वजांचा लेख तेवढा पुसला जातो, आणि पुसलेला लेख पुन्हा कोणी लिहू शकत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. पाणी आणि खाणे बरोबर न्यावे, कचरा परत आणावा. लेण्यांजवळ मोहोळे असतात, तेथे धूर किंवा आरडाओरड करू नये. नाणेघाटातून चारच्या सुमारास निघावे, म्हणजे माळशेज घाट फार अंधार पडण्यापूर्वी उतरता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ब्राह्मीची दहा अक्षरे आधी शिकून घेतली तर फारच उत्तम. एक नाव जरी मुलाने स्वतः वाचले, तरी तो पुढच्या सहलीला भिंतीवर खिळा घेऊन जाणार नाही.