अंकीय बिनतारी संदेशवहनाची मानके आणि वऱ्हाडचा प्रदेश

मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प मुख्यतः अमरावती जिल्ह्यात असला, तरी त्यातील नरनाळा अभयारण्य अकोला जिल्ह्यात मोडते. वणवा जिल्ह्याची सीमा जाणत नाही. त्याच्याशी झुंजणारी वन, पोलीस व अग्निशमन ही खाती मात्र निरनिराळी असतात. अशा प्रसंगी एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानी पडेल की नाही, हे यंत्राच्या किमतीपेक्षा ते कोणत्या मानकानुसार घडविले आहे, यावर अधिक अवलंबून असते.

जुन्या सदृश पद्धतीत आवाजाच्या चढउतारानुसार वाहक तरंगाची कंप्रता बदलते. त्यामुळे एकाच कंप्रतेवर जुळविलेली, भिन्न कारखान्यांतील यंत्रेही एकमेकांशी सहसा बोलू शकतात. अंकीय पद्धतीत आवाजाचे प्रथम अंकांत रूपांतर होते. त्या अंकांची मांडणी, संक्षेपण व दोषदुरुस्ती यांचे संकेत दोन्ही टोकांस एकच असावे लागतात. अमेरिकेत १९८९ साली आरंभिलेल्या 'प्रोजेक्ट २५' या मानकाच्या पहिल्या टप्प्यात १२.५ किलोहर्ट्झ रुंदीच्या मार्गिकेत एक संभाषण चालते. युरोपातील 'टेट्रा' २५ किलोहर्ट्झमध्ये काळाचे चार विभाग पाडून चार संभाषणे सामावते, तर 'डीएमआर' १२.५ किलोहर्ट्झमध्ये दोन. तिन्ही अंकीय खरी. पण एकीची भाषा दुसरीस उमगत नाही.

यात भूरचनेची भर पडते. पूर्णेच्या खोऱ्यातील सपाटीवर उंच मनोऱ्यावरून संदेश दूरवर जातो. मेळघाटच्या दऱ्यांत डोंगर आडवे येतात. सदृश आवाज क्षीण होताना खरखरतो आणि ऐकणाऱ्यास सावध करतो. अंकीय आवाज बराच काळ स्वच्छ राहतो व मग एकाएकी तुटतो. म्हणून मनोऱ्याविना यंत्रातून यंत्राशी थेट बोलण्याची सोय येथे गौण मानता येत नाही.

तथापि केवळ मानक पुरेसे नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिला मनोरा कोसळल्यावर दुसऱ्याविषयीचे इशारे पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून देण्यात आले. परंतु अग्निशमन दलाची बिनतारी व्यवस्था स्वतंत्र असल्याने ते जवानांपर्यंत पोहोचले नाहीत. मानक एक असावे, सामाईक मार्गिका आधीच ठरलेली असावी आणि तिचा सराव शांततेच्या काळात झालेला असावा. या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच नरनाळ्याहून दिलेली हाक चिखलदऱ्यास वेळेवर ऐकू जाईल.