पैसे कोणत्या डब्यातले?

समजा, तुम्ही १०० रुपयांचं तिकीट काढून नाटकाला निघाला आहात. नाट्यगृहाच्या दारात लक्षात येतं, की तिकीट कुठेतरी हरवलं. खुर्चीचा क्रमांकही आठवत नाही, म्हणजे नवं तिकीट काढायला हवं. काढाल? आता प्रश्न जरासा बदलू. तिकीट अजून काढलेलंच नाही. खिडकीपाशी पोचल्यावर कळतं, की खिशातली १०० रुपयांची नोट वाटेत पडली. पाकिटात आणखी पैसे आहेत. आता तिकीट काढाल का?

हा प्रयोग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. मात्र निम्म्या मुलांना पहिला प्रश्न आणि निम्म्यांना दुसरा, असा चिठ्ठीवर लिहून द्यावा. दोन्ही प्रश्न एकाच मुलासमोर ठेवले, तर ते लगेच सावध होतं आणि दोन्हीकडे एकच उत्तर देतं!

आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी असेच दोन प्रश्न १० डॉलरच्या तिकिटाबाबत विचारले होते. त्यांचा लेख १९८१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. नोट हरवलेल्यांपैकी ८८ टक्के लोक म्हणाले, तिकीट काढू. तिकीट हरवलेल्यांपैकी मात्र फक्त ४६ टक्के ‘हो’ म्हणाले. अंकगणिताच्या दृष्टीने दोन्हीकडे नुकसान सारखंच, १० डॉलरचं. मग एवढा फरक का?

कारण आपलं मन सगळे पैसे एका राशीत टाकत नाही. ते खाती पाडतं. हरवलेल्या तिकिटाचे पैसे ‘नाटक’ या खात्यावर आधीच पडलेले असतात. दुसरं तिकीट काढलं, की तेच नाटक दुप्पट किमतीचं वाटू लागतं आणि जीव कचरतो. हरवलेली नोट कोणत्याच खात्यावर पडलेली नसते. चुटपुट लागते, पण तिचा नाटकाशी संबंध जोडला जात नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी या मनातल्या हिशेबाचा पुढे बारकाईने अभ्यास केला. काहनेमनना २००२ साली आणि थेलरना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. ट्वर्स्की १९९६ सालीच वारले होते, आणि हे पारितोषिक मरणोत्तर देत नाहीत.

खरं तर आपल्या घरातल्या बायकांना यात नवं काही वाटणार नाही. डाळीच्या डब्यात दुधाचे पैसे, कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली लग्नकार्याचे, एका पाकिटात किराण्याचे. दुधाच्या पैशांना हात लावायचा नाही म्हणजे नाही. अर्थशास्त्राचं जुनं पुस्तक याला हसेल, कारण रुपया कुठेही ठेवला तरी रुपयाच. पण प्रत्येक खरेदीच्या वेळी वर्षभराच्या सगळ्या गरजा डोळ्यांपुढे आणून तुलना करणं कोणाला जमणार आहे? डबा रिकामा झाला की हात आपोआप थांबतो. एवढं काम तो डबा चोख करतो.

पण हीच सवय आपल्याला फसवतेही. महागाई भत्त्याचा फरक एकरकमी हातात पडला, की शिक्षककक्षात काय चर्चा होते ते आठवून पाहा. तो फरक म्हणजे आपल्याच कामाचा, उशिरा मिळालेला पगार. तरीही त्याला ‘वरचे पैसे’ असं नाव पडतं आणि नाव बदललं की हात सैल होतो. आम्ही स्वतः एकदा अशा फरकातून मिक्सर आणला होता. त्याच महिन्यात वाण्याची तीन महिन्यांची उधारी बाकी होती, आणि ती पगारातूनच फेडायची हे जणू ठरलेलं होतं. कोणी ठरवलं होतं, कोण जाणे.

दुसरं उदाहरण शिक्षकांना आणखी जवळचं वाटेल. बँकेत ५०,००० रुपयांची मुदत ठेव आहे, व्याज ७ टक्के. घर दुरुस्तीसाठी पतसंस्थेतून ५०,००० रुपयांचं कर्ज काढलं, व्याज १२ टक्के. ढोबळ हिशेबाने वर्षाला ठेवीवर ३,५०० रुपये मिळतात आणि कर्जावर ६,००० द्यावे लागतात. म्हणजे ठेव न मोडण्यासाठी आपण २,५०० रुपये मोजतो. गणिताचे शिक्षकही हे करतात, तेव्हा टक्केवारी येत नाही असं म्हणता येणार नाही. कारण विचारलं, तर ते सांगतात : ठेव मोडली तर पुन्हा जमणार नाही, कर्जाचा हप्ता मात्र पगारातून कापला जातो, म्हणून फिटतोच. आपलं मन आपल्याला माहीत असतं आणि त्याला आवर घालायचा हा खर्च असतो.

भिशीचंही तसंच. १२ जणी दरमहा ५०० रुपये घालतात आणि दर महिन्याला एकीला ६,००० रुपये मिळतात. जिचा नंबर शेवटी लागतो तिला एक पैसाही व्याज मिळत नाही. तेच ५०० रुपये दरमहा वर्षभर ६ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले असते, तर सुमारे १९५ रुपये व्याज आलं असतं. तरीही ती भिशीच लावते. बँकेचा हप्ता चुकला तर खातं मुकाट राहतं. भिशीचा चुकला तर ११ जणींना तोंड दाखवायचं असतं. इथे लाज बचतीच्या कामी येते.

भावनांना असं कामाला लावण्याचा एक मोठा प्रयोग थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या नोकरदारांवर केला. मिळालेल्या १०० रुपयांच्या आनंदापेक्षा गेलेल्या १०० रुपयांचं दुःख साधारण दुप्पट असतं, असं काहनेमन-ट्वर्स्कींच्या प्रयोगांतून दिसलं होतं. म्हणून चालू पगारातली कपात बोचते. यांनी सुचवलं, की आज काहीच कापू नये. पुढे जेव्हा पगारवाढ मिळेल तेव्हा तिच्यातला काही भाग परस्पर बचतीत जावा. त्यामुळे हातात येणारा पगार कधी कमी झालेला दिसतच नाही. योजनेत सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पैसे तेच, माणसंही तीच. फक्त कापण्याची वेळ बदलली.

इथपर्यंत आपण ज्यांच्या डब्यात काहीतरी असतं त्यांच्याविषयी बोललो. ज्यांचे सगळेच डबे रिकामे आहेत, त्यांच्याबद्दल आपण शाळेत फार लवकर निकाल देऊन मोकळे होतो. ‘मोबाइलला पैसे आहेत, वहीला नाहीत.’ ‘यांना हिशेबच कळत नाही.’

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पाहणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. उसाचे पैसे वर्षातून एकदाच, तोडणीनंतर येतात. त्यामुळे तोच माणूस तोडणीपूर्वी तंगीत असतो आणि नंतर बऱ्या स्थितीत. दोन्ही वेळी त्यांना आकृत्यांची कोडी आणि लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्या दिल्या. तोडणीपूर्वी त्याच शेतकऱ्यांची कामगिरी खालावलेली आढळली. कारखान्याच्या सोयीने वेगवेगळ्या शेतांची तोडणी वेगवेगळ्या महिन्यांत होत असल्यामुळे, हा परिणाम केवळ ऋतूचा म्हणता येत नव्हता. संशोधकांच्या मते, पैशाची काळजी मनाची इतकी जागा अडवते, की बाकीच्या विचाराला ती पुरत नाही. यावर वादही आहे. अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पगाराच्या दिवसाआधी आणि नंतर अशा चाचण्यांत फरक दिसला नाही. वर्षातून एकदा येणारा पैसा आणि महिन्यातून दोनदा येणारा पगार यांत अंतर आहेच, तेव्हा प्रश्न अजून मिटलेला नाही असंच म्हणावं लागेल.

तरी एक गोष्ट आपल्या हातात असते, ती म्हणजे पैसे मागण्याची वेळ. आमच्या परिचयाच्या एका शाळेत जानेवारीच्या सहलीचे ६०० रुपये डिसेंबरात एकदम मागत असत आणि दरवर्षी काही मुलं मागे राहत. मग वर्गशिक्षिकेने जूनच्या मध्यापासून दर सोमवारी २० रुपये घ्यायला सुरुवात केली. ३० आठवड्यांत रक्कम पुरी होते. पेरणीच्या दिवसांत काहींचे तीन-चार सोमवार चुकतात. सोयाबीनचे पैसे आले, की ते भरून निघतात. हिशेबाची वही सातवीची मुलंच ठेवतात. एका आईला बाईंनी सुचवून पाहिलं, की हे पैसे तुम्ही घरीच साठवा, डिसेंबरात एकदम द्या. ती म्हणाली, “नको बाई, घरी राहत नाहीत. तुमच्याच डब्यात असू द्या.”