भिंत आली की बटण

सुपरहिरो म्हणजे उडणारा माणूस, हा समज सनसॉफ्टचा ‘बॅटमॅन’ पहिल्याच स्टेजमध्ये मोडून काढतो. निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्रासाठी केलेल्या या गेममधला बॅटमॅन उडत नाही, केप पसरून तरंगतही नाही. वर जायचं तर त्याला भिंत लागते.

टिम बर्टनचा सिनेमा जून १९८९मध्ये आला आणि त्याच डिसेंबरात हा गेम जपानमध्ये विक्रीला आला. गॉथमचे रस्ते, अॅक्सिस केमिकल्सचा कारखाना असं करत पाचव्या स्टेजला आपण कॅथीड्रलच्या मनोऱ्यात पोचतो. जोकर सिनेमातला, किलर मॉथ, फायरबग हे बॉस मात्र कॉमिक्समधून उचललेले. पडद्यावर काळोख भरपूर. त्या यंत्रावर एका स्प्राइटला, म्हणजे पडद्यावरच्या हलत्या चित्राला, तीनच रंग मिळत. तरी काळं अंग आणि जांभळ्या कडा एवढ्यावर बॅटमॅन ठसठशीत उभा राहतो.

ए बटणाने उडी, बीने हल्ला. ए किती वेळ दाबून ठेवता यावर उडीची उंची ठरते. खरी गंमत यापुढे. उडी मारून भिंतीला टेकलात की त्याच क्षणी पुन्हा ए दाबायचं. बॅटमॅन भिंतीला क्षणभर चिकटतो आणि उलट दिशेला झेपावतो. समोरच्या भिंतीवर पुन्हा तेच. विहिरीच्या अरुंद कोपऱ्यात दोन्हीकडे पाय देत वर येणाऱ्या पोरासारखा तो नागमोडी चढत जातो. घाईघाईने बटण बडवत राहिलात तर एखादा दाब भिंतीला टेकण्याआधीच वाया जातो आणि स्वारी खाली. मारिओवर तयार झालेल्या अंगठ्याला इथे नवी सवय लावावी लागते: डोळा बॅटमॅनवर नको, पुढच्या भिंतीवर हवा.

हत्यारं तीन, आणि ती स्टार्ट बटणाने बदलायची. पॉज सिलेक्टवर आहे. सवयीने स्टार्ट दाबलं की गेम थांबत नाही, हत्यार तेवढं बदलतं. बॅटरँगला एक गोळी खर्च होते, सरळ दूरवर जाणाऱ्या भाल्याच्या बंदुकीला दोन, तीन दिशांना फुटणाऱ्या अस्त्राला तीन. साठा नव्व्याण्णवच्या वर जात नाही. शत्रू मेला की गोळ्या किंवा हृदय पडतं, पण लवकर उचललं नाही तर नाहीसं होतं. म्हणून साध्या शत्रूला ठोसाच बरा. ठोसा फुकट असतो, आणि त्यासाठी जवळ गेलेलो असल्यामुळे पडलेली वस्तूही हाती लागते.

मनोऱ्यात दातेरी चक्रं फिरत असतात आणि स्पर्श झाला की ताकद घटते. वर जायची वाट त्यांच्या मधूनच. इथे उडी उंच मारून चालत नाही. डोक्यावर चक्र असेल तर ए हलकेच टिचकावं लागतं, फट मोठी असेल तर दाबून धरावं लागतं. हे मोजमाप एकेका भिंतीला बदलतं. त्यात उशीर केला की चक्र गाठतं. मी इथे हत्यारांचा विचारच सोडून देतो. एवढं चढून गेल्यावर फायरबग वाट पाहत असतो आणि त्यानंतर लांब नळीचं पिस्तूल घेतलेला, वरून वीज पाडणारा जोकर.

या सगळ्या प्रवासात बॅटमॅनला एकही नवी शक्ती मिळत नाही. जी उडी पहिल्या रस्त्यावर होती, तीच मनोऱ्यात. मधल्या काळात सुधारतो तो खेळणारा. त्यामुळे मनोऱ्यात अडकलेल्याला मी पुन्हा पहिल्या स्टेजला पाठवेन, आणि सांगेन की जिथे भिंत दिसेल तिथे चढ, गरज नसली तरी. तिथे चूक स्वस्त पडते. चक्रांमध्ये ती परवडत नाही.