भयखेळातील निवड आणि तिचे फळ

मोक्षपटावर फासा नेईल तिकडे सोंगटी जाते. साप गिळतो तो आपल्या निवडीमुळे नव्हे. १९८१ साली अमेरिकेत सँडी पीटरसन यांनी रचलेल्या ‘कॉल ऑफ कथुल्हू’ या भयखेळाची रीत निराळी. सूत्रधार प्रसंग सांगतो; आपले पात्र काय करील, ते खेळाडू ठरवतो. फासा पडतो तो निवडीनंतर. निषिद्ध ग्रंथ वाचला तर गूढ ज्ञान वाढते, पण त्याच प्रमाणात मनःस्थैर्याची कमाल मर्यादा कायमची खाली येते.

समजा, खेळात कंधारच्या किल्ल्यात रात्री हाक आली. एकाने दार उघडले, दुसरा पळाला. दोघांच्या वाट्याला एकच शेवट आला, तर निवड खोटी ठरते. चाहूल न देता मारले, तर तो अन्याय होतो.

मी एकदा संपाच्या सभेत पगार किती बुडेल, हे सांगितलेच नाही. सगळे हात वर झाले, संप मोडला, चुली विझल्या त्या कामगारांच्या. ती त्यांची निवड नव्हतीच. म्हणून सूत्रधार असो वा पुढारी, त्याने धोका आधी सांगावा, निवडू द्यावे, आणि मग फळ पुसू नये.