एका दगडाचं शहर

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरची मूठभर वाळू कोऱ्या कागदावर पसरा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. वाळूतले बारीक काळे कण ताठ उभे राहतात आणि चुंबक जाईल तिकडे धावत सुटतात. पाहणारी सात वर्षांची नात असो की सत्तरीचे आजोबा, प्रश्न दोघांना एकच पडतो: समुद्राच्या वाळूत लोखंड आलं कुठून?

या प्रश्नाचा माग काढत मुलाबाळांसह रत्नागिरी पाहावी, असं मला मनापासून वाटतं. बहुतेक मंडळी गणपतीपुळ्याला जाताना शहरात एखादी रात्र काढतात, आंब्याची पेटी घेतात आणि पुढे जातात. पण वाळू, घरं, राजवाडा, आंब्याच्या बागा आणि हजारो वर्षांपूर्वीची चित्रं, हे सगळं एकाच दगडाच्या पोटातून आलेलं शहर आपल्याकडे आहे. ते वाचायला दोन दिवस आणि थोडं कुतूहल पुरतं.

तो दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि तप्त लाव्हा बाहेर वाहू लागला. तो थंड होई, त्यावर पुन्हा नवा थर येई. असे थरांवर थर साचून आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाखाली आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग त्याच्यावरच उभा आहे. या बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असतं. आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

मग रत्नागिरीची जमीन काळी न राहता तांबडी कशी झाली? ही करणी पावसाची. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उष्ण हवा आणि असा पाऊस लाखो वर्षं मिळाला की काळा दगड आतून बदलत जातो. त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम पाण्याबरोबर झिरपून निघून जातात. लोह आणि ॲल्युमिनियम सहज विरघळत नाहीत, ते जागीच राहतात. त्या लोहावर हवापाण्याचा परिणाम होऊन गंजाचा रंग चढतो. उरतो तो सच्छिद्र, तांबडा जांभा. कोकणच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी खाली काळी खडपं आणि वर तांबडा कडा दिसतो. बाप आणि लेक तिथे एकावर एक उभे असतात.

आता पुन्हा मांडवीला या. डोंगरातून सुटलेले खनिजांचे कण नद्या-ओढ्यांनी समुद्रात आणले. तिथे लाटांनी त्यांची पाखडणी केली, सुपात धान्य पाखडावं तशी. हलके कण पाण्याबरोबर मागे गेले, जड कण किनाऱ्यावर राहिले. मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही लोहयुक्त काळी खनिजं साध्या गारेच्या कणांपेक्षा पावणेदोन पटींच्या आसपास जड असतात. चुंबकामागे जोमाने धावतं ते मॅग्नेटाइट. इल्मेनाइटमध्ये लोहासोबत टायटॅनियम असतं, आणि पांढऱ्या रंगांत घालायची शुभ्र भुकटी याच टायटॅनियमपासून बनवतात. या काळ्याकुट्ट वाळूच्या आत पांढराशुभ्र रंग दडलेला आहे, हे मुलांना नक्की सांगा.

मांडवीच्या या बाजूला रत्नागिरीकर काळा समुद्र म्हणतात. मध्ये रत्नदुर्ग किल्ल्याचं भूशिर समुद्रात घुसलेलं आहे आणि त्याच्या पलीकडे, मिऱ्याच्या बाजूला, पांढरा समुद्र आहे. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर दोन रंगांचे किनारे! पांढऱ्या समुद्राच्या फिकट वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. चिमूटभर वाळू बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बारीक बुडबुडे उठले, तर तो शिंपल्यांतला चुना आम्लाशी बोलतो आहे असं समजा. तीच परीक्षा काळ्या वाळूवर करा आणि फरक मुलांनाच टिपू द्या. किल्ल्यातल्या भगवती मंदिराजवळच्या तटावरून हे भूशिर आणि दोन्ही बाजूंचा समुद्र पाहिला, की नकाशा न उघडताच सगळी मांडणी लक्षात येते.

भाट्याच्या किनाऱ्यावर मात्र ओहोटीलाच जावं. भरती-ओहोटीचा ढोबळ हिशेब कोकणातली जुनी माणसं कॅलेंडरवरच्या तिथीवरून करतात. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. गावागणिक तासाभराचा फरक पडतो, म्हणून पाण्यात उतरण्याआधी स्थानिकांना विचारावंच, आणि पावसाळ्यात तर पाण्यापासून लांबच राहावं. पण चंद्राची तिथी आणि पायाखालचं पाणी यांचं नातं मुलाला असं बोटांवर मोजता आलं, की भूगोलाचा एक धडा कायमचा पक्का होतो.

पाणी ओसरलं की ओल्या वाळूवर हजारो इवल्या गोळ्यांची नक्षी उमटते. ती करतात नखाएवढ्या कुर्ल्या. वाळूचा घास तोंडात घ्यायचा, कणांना चिकटलेलं सूक्ष्म अन्न वेचायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकायची, हा त्यांचा दिवसाचा धंदा. पुढची भरती सगळी नक्षी पुसते आणि पुढच्या ओहोटीला त्या पुन्हा कामाला लागतात. थोडं आत काजळी नदीच्या खाडीत कांदळवन आहे. तिथल्या चिखलातून वर आलेली श्वासमुळं मुलांना दाखवा. चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडं मुळं वर काढून श्वास घेतात. भाट्याला 1955 पासूनचं नारळ संशोधन केंद्रही आहे. आणि ऊन फारच चढलं, तर झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातलं मत्स्यालय गाठा. तिथला देवमाशाचा सांगाडा पाहून मुलं त्याच्या फासळ्या मोजायला लागतात.

शहरात शिरलं की जांभा भिंतींतून भेटतो. जमिनीतून तासून काढलेला हा चिरा बांधकामाला सोयीचा, म्हणून कोकणातली घरं, कुंपणाचे गडगे, विहिरी सगळं त्याचंच. थिबा राजवाड्याच्या बांधकामातही जांभा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याचं राज्य इंग्रजांनी 1885 मध्ये घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा पुरा होऊन तो इथे राहायला आला 1910 च्या सुमारास आणि 1916 मध्ये इथेच वारला. तीस वर्षं या माणसाने परक्या समुद्राकडे पाहत काढली. राजवाड्यात आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. लाकडी कोरीवकाम आणि रंगीत काचांच्या खिडक्या पाहण्याजोग्या आहेत. थिबाची समाधी मात्र फारशी कोणी पाहत नाही. ती शहरातच आहे, आणि 2012 मध्ये म्यानमारचे, म्हणजे त्याच ब्रह्मदेशाचे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन नतमस्तक झाले होते. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारा राजा इथे मुलांना माणूस म्हणून भेटतो.

दुसरा दिवस सड्यासाठी ठेवा. शहराबाहेर पडलं की जांभ्याची उघडी, सपाट पठारं लागतात; तेच सडे. उन्हाळ्यात तिथे गवताचं पातं दिसत नाही. पावसाळा सरता सरता मात्र तोच कातळ फुलांनी झाकून जातो. निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, चिकट थेंबांनी किडे पकडणारा दवबिंदू ही सगळी झाडं बोटभर मातीत जगतात. यांतली सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे खातात, कारण या दगडातून पोषक द्रव्यं पावसाने कधीच धुऊन नेली आहेत. जवळच्या बागांमध्ये हापूसची कलमं उभी असतात, आणि त्यांतल्या कित्येकांसाठी याच कातळात सुरुंग लावून खड्डे केलेले असतात.

याच सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली चित्रं, आहेत. उक्षी गावातला हत्ती पाहा. राजापूर तालुक्यातल्या कशेळीत सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात मासे, प्राणी, पक्षी अशी कितीतरी चित्रं कोरलेली आहेत. काही ठिकाणी गेंडाही आहे, जो आज कोकणात कुठेही नाही. चित्रकाराने तो पाहिला असेल, तर तेव्हाचं कोकण किती वेगळं असेल! अभ्यासक या चित्रांचं वय हजारो वर्षांत मोजतात. अनेकांचा अंदाज दहा हजार वर्षांपलीकडे जातो. देवाचे गोठणे या गावच्या सड्यावर होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीकडेच वळते. दगडातल्या लोहाने इथे पुन्हा आपली खूण दाखवली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि ग्रामस्थांना विचारत ही चित्रं उजेडात आणली. गावकरी काही चित्रांना पूर्वीपासून ओळखत होते, पण त्यांचं मोल जगाला कळायला ही पायपीट लागली. 2022 मध्ये यांतली निवडक स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली.

इथे मुलांना दोन गोष्टी आधी सांगाव्यात. चित्रावर पाय द्यायचा नाही, आणि त्याच्या रेषा खडूने किंवा दगडाने गिरवायच्या नाहीत. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जावं; तिरक्या प्रकाशात रेषा उठून दिसतात.

ही चित्रं जांभ्यावर आहेत, आणि जांभा आजही चिऱ्यांसाठी खणला जातो, रस्त्यांसाठी फोडला जातो, बागांसाठी सुरुंगाने उडवला जातो. या सगळ्याशिवाय कोकणी माणसाचं घर उभं राहत नाही, हेही खरं. म्हणून कुठला सडा खणायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे ठरवणारी माणसं लागतील. ती माणसं आज सात-आठ वर्षांची आहेत. त्यांना एकदा रत्नागिरीला न्या, आणि जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा.