झीज एका जागी, तार दुसऱ्या जागी

पार्किन्सनच्या आजारात मेंदूच्या ज्या भागाची झीज होते, तिथे न्यूरोसर्जन उपचाराची विजेची तार घालतच नाहीत. मरतात त्या सब्स्टान्शिया नायग्रातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी. तार मात्र जाऊन बसते ती बहुतेक वेळा त्यांच्या शेजारच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या पेशींच्या गाठीत. थॅलॅमसच्या खाली, डाव्या-उजव्या मेंदूत एकेक, लांबीला जेमतेम सेंटीमीटरभर. फ्रेंच डॉक्टर ज्यूल ल्युई यांनी 1865 साली तिचं वर्णन केलं, पण ती करते काय, हे उमगायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला.

पहिला सुगावा लागला तो मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांकडून. ही गाठ एका बाजूला निकामी झाली की विरुद्ध बाजूचे हातपाय आपोआप, जोरजोरात फेकले जातात. गाठ गेल्यावर हालचाल अनावर होत असेल, तर ती शाबूत असताना तिचं काम हालचालीला आवर घालण्याचं असणार. भिवंडीत कल्याण नाक्यावर रस्ता ओलांडायला पाऊल उचललं आणि अचानक समोरून रिक्षा आली, तर ते पाऊल जागीच थबकतं. या थबकण्यात मेंदूच्या बाह्य थरातून थेट या गाठीकडे येणाऱ्या वेगवान वाटेचा मोठा वाटा असतो. गाठ पुढच्या केंद्राला चेतवते, ते केंद्र हालचालीचे संदेश पुढे धाडणाऱ्या थॅलॅमसला दाबून धरतं आणि हालचाल रोखली जाते. डोपामिन घटलं की ही आवरणारी बाजू शिरजोर होते. रिक्षा नसतानाही पाऊल उचलत नाही.

याचा पुरावा मिळाला तो एका भयंकर अपघातातून. 1982 साली कॅलिफोर्नियात भेसळीचं कृत्रिम हेरॉईन टोचून घेतलेली काही तरुण माणसं पुतळ्यासारखी गोठली. विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छडा लावला. त्या नशेतलं एमपीटीपी हे रसायन नेमक्या डोपामिनच्याच पेशी मारत होतं. आता माकडांमध्ये हा आजार निर्माण करून अभ्यासता येऊ लागला. 1990 मध्ये हागाई बर्गमन, थॉमस विखमन आणि महलॉन डीलाँग यांनी अशा माकडांमधली सबथॅलॅमिक गाठ नष्ट केली, आणि थिजलेली माकडं हलू-फिरू लागली.

माणसाच्या मेंदूतली गाठ अशी नष्ट करणं जोखमीचं. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे अलीम-लुई बेनाबिद यांना 1987 सालीच दिसलं होतं की थॅलॅमसला विजेची वेगवान स्पंदनं दिली तर काहीही नष्ट न करता कंप थांबतो. 1993 मध्ये त्यांनी तशीच तार सबथॅलॅमिक गाठीत बसवली. डीप ब्रेन स्टिम्युलेशन किंवा डीबीएस म्हणतात ते हेच. डीलाँग आणि बेनाबिद यांना 2014 साली मिळून लास्कर पुरस्कार मिळाला.

वीज नेमकं काय साधते यावर अजून वाद आहे, पण गाठीतल्या पेशींच्या संदेशांच्या नोंदींत एक गोष्ट स्वच्छ दिसते. भिवंडीतल्या कुठल्याही यंत्रमाग कारखान्यात उभं राहा. प्रत्येक माग आपापल्या ठेक्यात चालतो, म्हणून कानावर येतो तो सरमिसळ खडखडाट. सगळ्या मागांचे धोटे उद्या एकाच क्षणी, एकाच बाजूला धावू लागले तर? पार्किन्सनमध्ये गाठीतल्या पेशींचं असंच होतं. एरवी आपापल्या वेळी संदेश देणाऱ्या पेशी सेकंदाला 13 ते 30च्या ठेक्यात झुंडीने ठोके देऊ लागतात, आणि त्या एकसुरात हालचालीचा वेगळा संदेश उमटायला जागाच उरत नाही. डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीने हा ठेका ओसरतो, तसाच सेकंदाला साधारण 130 स्पंदनांनीही ओसरतो. हा ठेका ओळखून विजेचा जोर आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला अमेरिकेच्या औषध नियामकाने 2025 मध्ये मान्यता दिली.

तार बसवताना रुग्णाला अनेकदा जागं ठेवतात. पेशींचा आवाज स्पीकरवर ऐकत सुई मिलिमीटरच्या हिशेबाने पुढे सरकते, आणि मधूनच रुग्णाला मूठ उघडा-मिटायला सांगतात. बॅटरीची डबी गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेच्या आत. भारतात हे तंत्र रुजवणाऱ्यांत मुंबईच्या जसलोक रुग्णालयातले डॉ. परेश दोशी यांचं नाव घ्यावं लागतं.

डीबीएस म्हणजे रोगमुक्ती नव्हे. पेशींची झीज चालूच राहते. बोलणं, तोल आणि स्मरणशक्ती यांत फारसा फरक पडत नाही. बोलणं कधी बिघडतंही. ढोबळ नियम असा, की लेव्होडोपाच्या गोळीने जे सुधारतं तेच तारेने सुधारतं, अपवाद कंपाचा. गाठीचं काम थांबवण्याचं असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. मायकल फ्रँक यांच्या 2007च्या प्रयोगात, यंत्र चालू असताना रुग्ण अवघड निवड घाईने करताना आढळले. घरच्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. खर्च लाखांत जातो. तरीही हा अगदी शेवटचा उपाय समजून अंथरूण धरेपर्यंत थांबणं मला चुकीचं वाटतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 251 रुग्णांच्या जर्मन-फ्रेंच चाचणीत, गोळीचा असर डळमळू लागल्यावर लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचं जगणं नुसत्या औषधांवरच्या रुग्णांपेक्षा सुधारलं.

सह्याद्रीत अंगाला आग लावणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतही गोळीतलंच लेव्होडोपा असतं, हे दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 सालीच दाखवलं होतं. पण म्हणून तिची पूड घरच्या घरी घेऊ नये. चिमटीत औषध किती आलं ते कळत नाही.

मागावर तुटलेला धागा सांधायला बोटांना पूर्वीपेक्षा वेळ लागतोय, चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक होत चाललंय: कंप नसला तरी ही सुरुवात असू शकते. वयावर ढकलू नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. आजार आधीच ठरलेला असेल, तर गोळी कधी घेतली, किती वेळाने अंग मोकळं झालं आणि कधी पुन्हा आखडलं, हे आठवडाभर लिहून तो कागद सोबत न्या. डीबीएस करायचं की नाही, हे ठरवताना डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.